उंचीचा वेग आणि वेगाची उंची
(नभोवाणीवरील भाषण)

आजचा विषय शाळेंतील आहे. पण तो केवळ शाळेंत जाणाऱ्यांचा नाहीं. प्राथमिक शास्त्राच्या पुस्तकांत 'स्थितिज ऊर्जा' व 'गतिज ऊर्जा' असे दोन शब्द येतात. मुलें त्यांच्या व्याख्या तोंडपाठ करितात, परीक्षेंत त्या उतरवून देतात आणि दोन गुण पदरांत पडले कीं विसरून जातात. दोष मुलांचा नव्हे. जी गोष्ट घरांतील झोपाळ्यांत, गच्चीवरील टाकींत आणि घाटांतील रस्त्यावर रोज घडते, ती फळ्यावरील दोन ओळींत कोंडली गेली म्हणजे असें व्हावयाचेंच. आज ती फळ्यावरून उतरवून घरांत आणावयाची आहे. भाषणाच्या उत्तरार्धांत मी एक हिशेब सांगणार आहें. ज्या घरांत सोळा ते पंचवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरानें तो अवश्य ऐकावा.

प्रथम शब्दांविषयीं. आपल्या बोलण्यांत जोर, बळ, शक्ति, ताकद हे शब्द एकमेकांच्या जागीं सहज बसतात. शास्त्रांत तसें चालत नाहीं. वस्तु लोटण्यास किंवा उचलण्यास जो जोर लागतो तें बल. तें बल लावून वस्तु कांहीं अंतर हलविली म्हणजे घडतें तें कार्य. कार्य करण्याची जी पात्रता तिचें नांव ऊर्जा; आणि तें कार्य किती लवकर उरकतें हें सांगणारी ती शक्ति. समजा, एका हमालानें दहा विटा माडीवर नेल्या आणि एका लहान मुलानेंही तशाच दहा विटा एकेक करून नेल्या. हमालास दोन मिनिटें लागलीं, मुलास अर्धा तास लागला. विटांना मिळालेली ऊर्जा दोन्ही वेळां सारखीच. फरक पडला तो शक्तींत. एक किलो वजन एक मीटर उंच उचलण्यास सुमारें ९.८ ज्यूल ऊर्जा लागते, एवढें परिमाण ध्यानांत ठेवलें कीं आजचें काम भागेल.

आतां प्रश्न असा कीं, वीट माडीवर पोहोंचली, हमाल घाम पुसून निघून गेला. मग त्यानें घातलेले श्रम गेले कोठें? वीट तर निमूटपणें पडून आहे. ती गरम झालेली नाहीं, हलत नाहीं, आवाज करीत नाहीं. पण हीच वीट कठड्यावरून खालीं लोटा, म्हणजे ती अंगणांतील फरशी फोडील. फरशी फोडण्याची ही पात्रता तिला कोणीं दिली? लोटणाऱ्यानें नव्हे, त्यानें केवळ बोट लावलें. ती हमालानें दिली आणि विटेच्या उंच जागेंत ती सांठून राहिली. जागेमुळें, म्हणजेच स्थितीमुळें अंगीं असणारी ही ऊर्जा ती स्थितिज. वीट सुटली, उंची कमी होऊं लागली आणि वेग वाढूं लागला; वेगामुळें अंगीं येणारी ऊर्जा ती गतिज. जितकी उंचींतून वजा झाली तितकीच वेगांत जमा झाली. हवेचा अडथळा सोडून दिला, तर वाटेंत कोठेंही या दोहोंची बेरीज केली असतां ती एकच येते.

येथें एक बारकावा आहे. उंची म्हटली कीं, 'कशापासून?' हा प्रश्न आलाच. चौथ्या मजल्यावरील टेबलावर ठेवलेला पेला रस्त्याच्या मानानें पुष्कळ उंच आहे, खोलीच्या जमिनीच्या मानानें थोडा, आणि टेबलाच्या पृष्ठाच्या मानानें मुळींच नाहीं. म्हणून स्थितिज ऊर्जेचा हिशेब मांडतांना शून्य कोठें धरलें तें आधीं सांगावें लागतें. त्यानें अडचण मात्र कांहीं होत नाहीं. कारण व्यवहारांत उपयोगी पडतो तो दोन उंचींमधील फरक.

या देवघेवीचें सर्वांत सुंदर दर्शन आपल्या माजघरांतील झोपाळा घडवितो. टोकास गेला कीं तो क्षणभर थांबतो. त्या क्षणीं सर्व पुंजी उंचींत. मध्यावर येतो तेव्हां तो सर्वांत खालीं आणि सर्वांत वेगवान्. सर्व पुंजी वेगांत. दुसऱ्या टोकास पुन्हां उंचींत. टोक मध्याहून अर्धा मीटर उंच असेल, तर मध्यावरील वेग सेकंदास तीन मीटरांहून किंचित् अधिक, म्हणजे ताशीं सुमारें ११ किलोमीटर येतो. झोपाळ्यावर आजोबा बसले असोत वा नात बसली असो, त्या उंचीवरून मिळणारा वेग तोच. पण आजोबांचें वजन नातीच्या तिप्पट असेल तर ऊर्जाही तिप्पट. म्हणून आजोबांचा झोपाळा हातानें अडविण्यास जावें तर हात दुखावतो. झोंका न देतां सोडून दिला तर झोपाळा हळूंहळूं थांबतो. ही ऊर्जा नाहींशी झाली काय? तिची कांहीं खबर कड्यांची कुरकुर देते, कांहीं त्या कड्या किंचित् तापून देतात आणि कांहीं खोलींतील हवा. हा धागा आपण पुढें पुन्हां हातीं घेऊं.

स्थितिज ऊर्जा उंचीचीच असावी असा नियम नाहीं. ताणलेल्या धनुष्यांत, बेचकीच्या रबरांत, किल्ली दिलेल्या घड्याळाच्या कमानींत ती आकाराच्या ताणामुळें सांठते. घड्याळ आठवडाभर चालतें तें किल्ली देणाऱ्या बोटांचे श्रम थोडे थोडे खर्चून. 'स्थितिज' या अर्थाचा इंग्रजी शब्द स्कॉटलंडमधील रँकिन या अभियंत्यानें १८५३ सालीं रूढ केला. कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी होती.

आतां गतिज ऊर्जेचें एक लक्षण पहावयाचें, आणि आजच्या विषयाचा गाभा तोच आहे. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा किती पट होईल? वर्गांत हा प्रश्न टाकला कीं बहुतेक सर्व हात 'दुप्पट' म्हणून वर होतात. पण उत्तर 'चौपट' आहे. वेग तिप्पट तर ऊर्जा नऊपट. अठराव्या शतकांत या गोष्टीवर युरोपांतील विद्वानांत मोठा वाद झाला. हॉलंडमधील ग्राव्हसान्द या प्राध्यापकानें पितळेचे गोळे निरनिराळ्या उंचींवरून मऊ मातींत टाकून पाहिले आणि दुप्पट वेगानें येणारा गोळा मातींत चौपट घर करतो असें दाखविलें. फ्रान्समधील एमिली द्यू शातले या विदुषीनें १७४० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत याच पक्षाचा पुरस्कार केला. हा प्रयोग घरींही होतो. परातींत मळलेली ओली माती घ्यावी व एक जड गोळी प्रथम पाव मीटरावरून, मग एक मीटरावरून तींत टाकावी. उंची चौपट केली कीं वेग दुप्पट होतो. खळगा मात्र चौपटीच्या आसपास मोठा होतो. मुलांनीं हें एकदां डोळ्यांनीं पाहिलें कीं 'वेगाचा वर्ग' हे शब्द त्यांना जन्मभर पुरतात.

आतां झोपाळ्यावरून उठून सह्याद्रीवर जाऊं. लोणावळें, वळवण व शिरवटा येथील तलाव आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस या तलावांत अडवून तें पाणी नळांनीं डोंगराखालीं खोपोलीस आणावें आणि त्यावर वीज करून मुंबईच्या गिरण्यांना द्यावी, ही योजना टाटांच्या कंपनीनें आंखली व १९१५ सालीं खोपोलीची वीज वाहूं लागली. पुढें १९२२ सालीं भिवपुरी व १९२७ सालीं भिरा हीं केंद्रें सुरू झालीं. माथा व पायथा यांत अंतर सुमारें पांचशें मीटरांचें. एवढ्या उंचीचा वेग किती होतो? घर्षण सोडून हिशेब केला तर सेकंदास ९९ मीटर, म्हणजे ताशीं ३५० किलोमीटरांहूनही अधिक. नळाच्या अरुंद तोंडांतून हा फवारा पेल्टन नांवाच्या अमेरिकन कारागिरानें शोधून काढलेल्या चक्रावर सोडतात. त्या चक्राच्या कडेला जोडवाट्यांसारखीं पोकळ पात्रें असतात. पाण्याचा झोत त्यांत शिरतो आणि वळून मागें फिरतो. चक्राचा वेग झोताच्या वेगाच्या निम्म्याच्या आसपास राखला, तर पाणी आपला बहुतेक सारा वेग चक्रास देऊन टाकतें आणि थकल्यासारखें खालीं गळून पडतें. पाणी बाहेर पडतांना मंद दिसावें, हीच त्या यंत्राच्या कौशल्याची खूण. कारण जो वेग पाण्यांत शिल्लक राहिला तो वायां गेला.

एक हजार लिटर पाणी, म्हणजे आपल्या गच्चीवरील टाकीएवढें, पांचशें मीटर खालीं आलें तर सुमारें ४९ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. विजेच्या बिलावरील एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. थोडी तूट धरली तरी या पाण्यापासून सव्वा युनिटाच्या जवळपास वीज हातीं लागते. तेंच पाणी आपल्या गच्चीवरून पंधरा मीटर खालीं आलें, तर एका युनिटाचा अवघा पंचविसावा हिस्सा! उंचीचें मोल येथें कळतें.

पण पाण्याला ही उंची दिली कोणीं? अरबी समुद्राचें पाणी सूर्यानें तापवून वाफेच्या रूपानें वर उचललें, नैर्ऋत्येच्या वाऱ्यांनीं तें सह्याद्रीवर आणलें. खोपोलीच्या चक्राचा खरा हमाल सूर्य आहे. आणि येथेंच एक न्यायाचा प्रश्न उभा राहतो, तोही विद्यार्थ्यांपासून लपवूं नये. या तलावांचें पाणी निसर्गतः पूर्वेस वाहणारें. तें इंद्रायणी, आंध्रा व मुळा या नद्यांच्या वाटेनें भीमेस व पुढें कृष्णेस मिळावयाचें. पश्चिमेकडे सोडलें कीं त्याची उंची एका उडींत खर्च होते व वीज मिळते. पूर्वेकडे सोडलें तर वीज थोडी, पण वाटेवरील शेतें भिजतात. शिवाय तलावासाठीं जमीन बुडते. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं १९२१ ते १९२४ या काळांत मावळ्यांनीं सत्याग्रह केला, तो या बुडणाऱ्या जमिनीसाठीं. कोंकणांत उतरलेलें पाणीही अगदींच निरुपयोगी होत नाहीं. पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका या नद्यांना तें मिळतें आणि तेथील वस्त्यांची तहान भागवितें. मी येथें निवाडा देत नाहीं. इतकेंच सांगतों कीं, उंची हें भांडवल आहे व तें एकदांच खर्चतां येतें, हें ज्याला समजलें त्यालाच या वादांतील दोन्ही बाजू कळतील.

'एकदांच कां? पाणी पुन्हां वर चढवावें कीं!' असें एखादा चलाख मुलगा म्हणेल. तेंही करतात. घाटघर येथें २००८ सालीं सुरू झालेल्या केंद्रांत विजेची मागणी कमी असते तेव्हां खालचें पाणी वरच्या तलावांत चढवितात आणि मागणी वाढली कीं तेंच खालीं सोडतात. अशा केंद्रांत साधारणपणें चार युनिटें घालावीं तेव्हां तीन परत मिळतात. मग हा घाट्याचा व्यापार कां? तर रात्रीं स्वस्त घेतलेलें धान्य टंचाईच्या वेळीं उपयोगी पडावें तसा तो आहे. ती कोठी आहे, खाण नव्हे.

मग चौथें युनिट जातें कोठें? झोपाळ्याच्या कड्यांत गेलें होतें तेथेंच: उष्णतेंत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मँचेस्टरच्या जेम्स ज्यूल यानें पाण्याच्या भांड्यांत वल्ह्यांसारखीं पातीं बसविलीं, दोरीला वजन बांधून तें खालीं सोडलें, त्यानें पातीं फिरविलीं आणि पाणी किती तापलें तें अत्यंत नाजूक तापमापकानें मोजलें. त्याच्या प्रयोगाचें सार आजच्या मापांत असें: एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअस तापविण्यास जितकी ऊर्जा लागते, तितक्या ऊर्जेंत तेंच पाणी सुमारें ४२७ मीटर उंच उचलतां येईल. म्हणजे आपल्या सकाळच्या चहाचें पाणी २७ अंशांवरून उकळीस आणण्यास जी ऊर्जा लागते, ती तो पेला ३१ किलोमीटर उंच, एव्हरेस्टच्या साडेतीनपट उंचीवर नेण्यास पुरेल! उष्णता इतकी ऊर्जा गिळते म्हणूनच उंचीची तूट आपल्या बोटांना जाणवत नाहीं व ती नाहींशी झाली असें वाटतें.

हें नीट समजलें असतें तर कित्येक सद्गृहस्थांचे पैसे वाचले असते. 'टाकींतील पाण्यावर वीज करा, त्या विजेवर पंप चालवा, तो पंप पुन्हां टाकी भरील. एकदां यंत्र घ्या, मग बिल नको' असें सांगणारे लोक अधूनमधून भेटतात. त्यांना एवढेंच विचारावें: पंप तापतो कीं नाहीं? आवाज करतो कीं नाहीं? तापत असेल तर प्रत्येक फेरींत पुंजी घटली, आणि पुंजी घटली कीं टाकी पूर्ण भरणार नाहीं.

आतां तो हिशेब. वीस टनांची मालमोटार बोरघाटांतून पांचशें मीटर खालीं उतरते, तेव्हां तिची जी स्थितिज ऊर्जा मोकळी होते ती सुमारें ९ कोटी ८० लाख ज्यूल असते. गाडीचा वेग तर वाढूं द्यावयाचा नाहीं. मग ही ऊर्जा उष्णता होऊनच गेली पाहिजे. सुमारें ३२० लिटर थंड पाणी उकळीस आणील एवढी ती असते. ती सारी ब्रेकांवर टाकली तर ब्रेक तापून त्यांची पकड सुटते. म्हणून 'ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें उतरावा' हा जुन्या चालकांचा दंडक आहे. त्यानें तो भार इंजिनही वांटून घेतें. इंधन वाचविण्यासाठीं गाडी मोकळी सोडून देणारा चालक आपल्या मागें पांचशें मीटरांची उंची मोकाट सोडतो. घाटांतील रेल्वेनें याच नियमाचा उलटा उपयोग केलेला आहे. उतारावर गाडी हाताबाहेर गेलीच तर ती चढणीच्या आडमार्गावर वळावी अशी तेथें योजना असते. तेथें वेगाची पुन्हां उंची होते व गाडी आपोआप थांबते. आजचीं विजेचीं इंजिनें तर उतरतांना वीज उत्पन्न करून ती वरच्या तारेंत परत देतात.

रस्त्यावरील दुचाकीला असा आडमार्ग नाहीं. ताशीं ३६ किलोमीटर हा वेग म्हणजे पांच मीटरांवरून पडण्याचा वेग. ताशीं ५४ म्हणजे साडेअकरा मीटर, जवळजवळ चार मजले. ताशीं ७२ म्हणजे वीस मीटर, जवळजवळ सात मजले. ताशीं ९० म्हणजे बत्तीस मीटर, दहा मजल्यांहून अधिक. सात मजल्यांच्या इमारतीच्या गच्चीवर, कठडा नसलेल्या कडेला, आपला मुलगा पाय सोडून बसला तर आई किंचाळेल. तोच मुलगा ताशीं ७२ किलोमीटरांनीं गाडी हांकतो तेव्हां तो तेवढ्याच उंचीवर बसलेला असतो. पण ती उंची दिसत नाहीं म्हणून कोणी किंचाळत नाहीं.

थांबण्याचा हिशेबही असाच. समजा, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लावून ३६ च्या वेगाची गाडी दहा मीटरांत थांबते; तर ७२ च्या वेगाची वीस मीटरांत थांबणार नाहीं, तिला चाळीस मीटर लागतील. डोळ्यांनीं पाहून हात ब्रेकवर जाण्यास एक सेकंद धरला, तर त्या सेकंदांत पहिली दहा व दुसरी वीस मीटर पुढें गेलेली असते. एकूण वीस आणि साठ! वेग दुप्पट, अंतर तिप्पट. शिरस्त्राण ही ऊर्जा कमी करीत नाहीं. तें डोकें एकदम थांबूं न देतां, आंतील मऊ थर दाबला जाईल तेवढ्या अंतरांत थांबवितें आणि आघात पसरून देतें. तें अंतर बोटभरच असतें. पण कवटी फुटणें व न फुटणें यांमधील अंतर पुष्कळदां तेवढेंच असतें.

पालकांना माझी विनंती अशी. मुलांना 'हळू चालव' असें नुसतें सांगूं नका; त्या शब्दाचें वजन फार थोडें असतें. एके सायंकाळीं त्यांना गच्चीवर न्या, सुरक्षित जागीं उभें राहून खालीं रस्ता दाखवा, मजले मोजा आणि त्यांच्याच हातानें हा गुणाकार करवून घ्या. सेकंदास जितके मीटर वेग असेल त्याचा वर्ग करावा आणि १९.६ नें भागावें; येईल ती उंची. सहावी-सातवींतील मुलालाही हें गणित येतें. आज ज्या मुलाच्या हातीं पेन्सिल आहे, त्याच्या हातीं कांहीं वर्षांनीं गाडीची किल्ली येणार आहे. किल्लीच्या आधीं हा गुणाकार त्याच्या हातीं पडावा.